गंगापूरचा विद्यार्थी आणि नागसेनवनाची परंपरा

उच्च शिक्षणात सध्या दोन शब्दांची फार चलती आहे. एक 'विद्यार्थ्यांस साहाय्य' आणि दुसरा 'अनुभवाधिष्ठित शिक्षण'. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले आणि पाठोपाठ महाविद्यालयांतून प्रत्यक्ष कार्यानुभव, क्षेत्रीय प्रकल्प, आंतरवासिता यांचे तक्ते तयार होऊ लागले. हे सर्व जणू आजच समुद्रापलीकडून आले आहे, अशा थाटात त्याविषयी बोलले जाते. आम्हांस त्याचे आश्चर्य वाटते. कारण ज्या मराठवाड्यात हे तक्ते आज भरले जात आहेत, त्याच मराठवाड्यात, औरंगाबादेस (आताचे छत्रपती संभाजीनगर), या दोन्ही कल्पना एकत्र घेऊन एक महाविद्यालय १९५० सालीच उभे राहिले होते. गंगापूर, वैजापूर, कन्नड, पैठण या तालुक्यांतील खेड्यांतून निघालेल्या आमच्या मुलांसाठी तेच उच्च शिक्षणाचे पहिले दार होते.

गंगापूरचाच विचार करू. तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. कायगावाजवळ तिला प्रवरा मिळते. उत्तरेस लासूर स्टेशनावरून मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जाते. निजामाच्या राजवटीत या प्रदेशातील अस्पृश्याच्या मुलापुढे जातीची भिंत तर होतीच, तिच्याआड भाषेची दुसरी भिंत होती. घरी मराठी, कचेरीत उर्दू, माध्यमिक शाळेत उर्दू. आणि १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा महाविद्यालयाचे माध्यम पालटून इंग्रजी झाले. म्हणजे ज्याने कसाबसा उर्दूचा उंबरठा ओलांडला होता, त्याच्यापुढे तिसरी भाषा उभी राहिली. अशा विद्यार्थ्यास केवळ 'प्रवेश दिला' असे म्हणून भागत नाही. प्रवेशानंतर तो टिकतो कसा, हा खरा प्रश्न होता.

टिकण्याचा हा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणखात्याच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडा मांडला, तो असा: प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेच्या दारातून आत गेलेली मुले मोजून सरकारने समाधान मानावे, हे त्यांस मान्य नव्हते. किती मुले शेवटपर्यंत पोहोचली, ते मोजा, असा त्या भाषणाचा रोख होता. आज ज्याला गळतीचे प्रमाण म्हणतात, ते त्यांनी त्या काळी सभागृहाच्या पटलावर ठेवले.

त्याच्या आधी दोन वर्षे, १९२५ साली, मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला त्यांनी दिलेली लेखी उत्तरे आमच्या मते त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा आहेत. दुर्दैवाने आपल्याकडे ती फारशी वाचली जात नाहीत. मुंबई विद्यापीठ तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. बाबासाहेबांचा आक्षेप हा की, नुसत्या परीक्षा घेऊन विद्यापीठ होत नाही. विद्यापीठाने शिकविले पाहिजे, संशोधन केले पाहिजे. आणि शिकवायचे ते कसे? विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती व सिद्धान्त कोंबण्यापेक्षा त्याचे स्वतःचे व्यक्तित्व जागे व्हावे, त्याने आपल्या बुद्धीला श्रम द्यावेत, मोठमोठ्या ग्रंथकारांस चिकित्सेने वाचावे आणि प्रसंगी मूळ साधनांपर्यंत स्वतः जावे, असे शिक्षण त्यांस हवे होते. हे विचार मांडणारा मनुष्य १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. अनुभव आणि शिक्षण यांचा संबंध आधुनिक जगात ज्यांनी सर्वांत नेटाने मांडला, ते हे ड्यूई. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांस एल्‌एल्.डी. ही सन्माननीय पदवी दिली, ती ५ जून रोजी. आणि ड्यूई यांचे निधन त्याच्या चारच दिवस आधी, १ जून रोजी झाले.

मात्र केवळ ड्यूईंपर्यंत येऊन थांबणे योग्य होणार नाही. बौद्ध परंपरेत हा विचार त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तेथे साहाय्य व अनुभव ही दोन वेगळी खाती नाहीत. विनयपिटकात उपाध्याय आणि त्याचा शिष्य यांची परस्परांविषयीची कर्तव्ये सविस्तर सांगितली आहेत. शिष्याने उपाध्यायाची सेवा करावी, हे कोणत्याही परंपरेत सापडेल. परंतु शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी, त्याला चीवर नसेल तर ते मिळण्याची खटपट करावी, हा नियम आहे. नवदीक्षित भिक्षूने सामान्यतः पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहावे, असाही दंडक आहे. या आश्रयास पालीत 'निस्सय' म्हणतात. निवास, अन्न, औषध आणि अध्ययन यांची ही एकत्र व्यवस्था होय. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, ज्याला लोक 'तीन ताल' म्हणतात, त्या तीन मजली विहारात उभे राहिले की भिक्षूंच्या या सहनिवासाची कल्पना येते.

आणि चूळपंथकाची कथा. हा भिक्षू मंदबुद्धीचा समजला जाई. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्षू होता. त्याने त्यास विहारातून निघून जाण्यास सांगितले. राजगृही जीवकाच्या घरी संघाला भोजनाचे निमंत्रण होते, त्यातूनही महापंथकाने त्याला वगळले. तथागतांस हे समजले. त्यांनी चूळपंथकास पाठांतराचा आणखी एक पाठ दिला नाही. एक स्वच्छ वस्त्र त्याच्या हाती दिले आणि पूर्वेकडे तोंड करून ते चोळत बसण्यास सांगितले. चोळता चोळता पांढरे वस्त्र मळले, आणि सर्व संस्कार अनित्य आहेत, हे त्याला आपल्या हाताखालीच दिसले. तो अर्हत झाला. या कथेत आम्हांस एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. महापंथक दुष्ट नव्हता, तो स्वतः अर्हत होता. त्याच्याजवळ शिकविण्याची एकच रीत होती, आणि त्या रीतीत जो बसला नाही, त्यास त्याने अपात्र ठरविले. आपल्या महाविद्यालयांत असे महापंथक आजही पुष्कळ आहेत.

आता नागसेनवनाकडे येऊ. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केली. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी सुरू झाले. मुंबईत दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. विद्यार्थ्याच्या पोटाचे वेळापत्रक पाहून महाविद्यालयाचे वेळापत्रक बांधले गेले! त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद चालत असे. विधेयक मांडणे, त्यावर बोलणे, प्रतिपक्षाचे ऐकून घेणे हे सर्व तेथे विद्यार्थी करून शिकत. संसदीय लोकशाहीवरील व्याख्यान ऐकणे आणि सभागृहात उभे राहून आपल्या विधेयकाचा बचाव करणे, यांत किती अंतर आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

औरंगाबादचे महाविद्यालय जून १९५० मध्ये उघडले. त्या वेळी मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. मराठवाडा विद्यापीठ पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे महाविद्यालयास 'मिलिंद' आणि परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. ती केवळ शोभेची नावे नव्हेत. मिलिंद हा ग्रीक राजा, वादविवादात स्वतःला अजिंक्य मानणारा. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन त्यास प्रारंभीच अट घालतो की, वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच मी बोलेन, राजांच्या रीतीने नाही. पंडितांच्या वादात चूक दाखविली तर कोणी रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्यास दंड होतो. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या चावडीवर तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला ही नावे देण्यात केवढा अर्थ होता!

बाबासाहेबांस या प्रदेशाची स्थिती नवी नव्हती. कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे ३० डिसेंबर १९३८ रोजी भरलेल्या परिषदेत त्यांनी येथील दलित जनतेस पाहिले होते. वसतिगृहाचे महत्त्व तर त्यांनी त्याहून आधीच जाणले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले ते १९२५ साली. गंगापूर किंवा लासूरहून आलेल्या मुलास औरंगाबादेत खोली कोण देणार? जात सांगितल्यावर दार लावले जाई. म्हणून नागसेनवनातील वसतिगृह ही महाविद्यालयाची जोडइमारत नव्हती. तिच्यावाचून वर्गात कोणी आलेच नसते. शिष्यवृत्तीचेही तसेच. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी मदत मागितली. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. आश्रय, शिष्यवृत्ती आणि वर्ग या तिन्हींतून नागसेनवनातला विद्यार्थी घडला.

अनुभवाची बाजूही तेथे उणी नव्हती. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दीक्षेच्या निमित्ताने जमलेल्या जनसागरापुढेही त्याचा प्रयोग झाला. आपल्याच समाजाचा शतकांचा इतिहास स्वतःच्या कंठातून बोलणे, यापरते इतिहासाचे शिक्षण कोणते? पुढे प्राचार्य म. ना. वानखडे यांच्या काळात, साठीच्या दशकात, मिलिंद साहित्य परिषदेची चळवळ उभी राहिली. १९६७ साली 'अस्मिता' निघाले, आणि त्याचेच पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' झाले. आज दलित साहित्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे. परंतु ते आधी अभ्यासक्रमाबाहेर, वसतिगृहाच्या खोल्यांत आणि परिषदेच्या बैठकांत, मुलांनी व प्राध्यापकांनी एकत्र बसून घडविले, याचा आपणांस विसर पडतो.

सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण येथे करणे न्याय्य होईल. १९४७ साली त्यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते 'कमवा व शिका' या तत्त्वावर. श्रमाला त्यांनी शिक्षणात मानाचे स्थान दिले. नागसेनवनाची वाट थोडी वेगळी होती. आमच्या मुलांनी श्रम कमी केले होते असे नाही; पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडून दुसरे काही करूनच घेतले नव्हते. त्यांस प्रथम वाचण्यास मोकळा वेळ हवा होता.

नंतरच्या काळात परिस्थिती पालटली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे अत्याचार झाले, ते वाचकांस ठाऊक आहेत. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत लढ्यात उतरलेल्या विद्यार्थ्यांचा अनुभव कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदला गेला नाही. त्याच काळात गंगापूर तालुक्याचे रूपही बदलत होते. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि गोदाकाठची जमीन नाथसागराखाली गेली. तालुक्यातच असलेल्या वाळूजला औद्योगिक वसाहत झाली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला. गंगापूरचा तरुण आता शिक्षणासाठी शहराकडे निघतो, तेव्हा त्याच्या वाटेत प्रथम कारखाना लागतो.

आणि येथेच आजचा पेच आहे. नव्या अभ्यासक्रमात कार्यानुभवाला श्रेयांक आहेत. साधारण तीस तासांस एक श्रेयांक असा हिशेब आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या वडिलांची ओळख एखाद्या कार्यालयात आहे, तो तेथे बिनपगारी आंतरवासिता करून प्रमाणपत्र आणतो. ज्याची ओळख नाही, तो प्रमाणपत्रासाठी दारोदार फिरतो. तिसरा वाळूजमध्ये कंत्राटावर रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगतो, आणि त्याची हजेरी कमी भरते. यंत्रावर उभा राहून तो जे शिकतो, त्याची मोजदाद होत नाही. प्रशिक्षणार्थी अधिनियम १९६१ अन्वये शिकाऊ उमेदवारास विद्यावेतन द्यावे लागते, आंतरवासितेस तसे बंधन नाही. हा भेद आपल्या मुलांस व पालकांस कोणी समजावून सांगत नाही.

साहाय्याचीही अवस्था अशीच विखुरलेली आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. औरंगाबादसारख्या विभागीय शहरात शिकणाऱ्यास त्यात वर्षाला ५१,००० रुपये ठरविले गेले. योजनेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र भोजन, निवास आणि निर्वाह यांचे पैसे खात्यात जमा झाले म्हणून 'निस्सय' लाभला, असे होत नाही. खात्यात पैसे उशिरा आले तर घरमालक थांबत नाही. आणि मुलगा तापाने पडला, इंग्रजी समजेना म्हणून वर्ग टाळू लागला, तर त्याची विचारपूस करणारा उपाध्याय कोणत्या संकेतस्थळावर सापडणार?

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवासही श्रेयांक देण्याची तरतूद केलेली आहे. ती कागदावर आहे. वाळूजच्या रात्रपाळीवरून येणाऱ्या गंगापूरच्या विद्यार्थ्याची ती पाळी महाविद्यालयाच्या कोणत्या नोंदवहीत लिहावयाची, तिच्यावर सही कोणत्या प्राध्यापकाने करावयाची आणि त्याच्यासाठी सकाळचा पहिला तास दुपारी घेता येईल काय, हे प्रश्न आता प्राचार्यांच्या टेबलावर आहेत. सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर १९४६ साली देण्यात आले होते.