राजाच्या पाठीमागचा पडदा

घरात एखादं विधान असलं की आपण जमीन पुसून घेतो, चौरंग मांडतो, भोवती रांगोळी काढतो. खोली रोजचीच, पण तेवढ्यानंच पोरांचेसुद्धा आवाज खाली येतात. कोरियात हे काम चित्रं काढलेला घडीचा पडदा करीत आला. त्याला तिथं ‘ब्योंगपुंग’ म्हणतात. अर्थ साधाच आहे, वारा अडवणारा. थंडीवाऱ्यासाठी केलेली ही सोय पुढं मानाची खूण झाली.

जोसन घराण्याच्या काळात (१३९२ ते १९१०) सिंहासनामागच्या पडद्यावर ठरलेलं चित्र असे. लाल सूर्य, पांढरा चंद्र, पाच डोंगर, दोन धबधबे, दोन्ही कडांना पाइनची झाडं आणि खाली लाटा. चित्रात माणूस नाही. राजा पुढ्यात येऊन बसला म्हणजे ते पुरं होई. राजा बाहेरगावी निघाला की पडदाही घडी घालून बरोबर जाई. तो उघडला तिथं दरबार. राजा वारल्यावर शवपेटीमागे आणि पुढं त्याच्या तसबिरीमागेही तसाच पडदा उभा करीत.

दरबारी समारंभांच्या चित्रांत नर्तकी, वादक, अधिकारी बारकाईनं रंगवलेले दिसतात. राजा मात्र काढायचा नाही, असा रिवाज. त्याचं रिकामं आसन दिसलं की ओळखायचं, राजा आहे. १७९५ साली राजा जोंगजोनं आपल्या आईची, हेग्योंगची, साठी ह्वासोंगला थाटात केली. तिचा नवरा, युवराज सादो, १७६२ साली बापाच्याच हुकमानं तांदळाच्या पेटीत कोंडला गेला आणि तिथंच मेला. एवढं सोसलेल्या बाईचा हा दिवस, आणि समारंभाच्या चित्रात तीच नाही! मला आधी वाईट वाटलं. मग ध्यानात आलं, की तो मानच होता. तरी त्याच वर्षी तिनं आपल्या आठवणी स्वतःच्या हातानं लिहायला घेतल्या, याचं मला जास्त बरं वाटतं.

पडद्याचा हा रिवाज साध्या घरांतही पोचला. पुष्कळ पडदे दोन्ही बाजूंनी सजवलेले असत. लग्नकार्याला फुलापाखरांची रंगीत बाजू पुढं, पितरांच्या पूजेला नुसत्या अक्षरांची. खोली तीच, पडदा तोच. उंबरठ्यावरच्या पाहुण्याला मात्र कुणी न सांगता कळे, आज हसत आत जायचं की गप्प बसायचं.