शब्दांची नोंद आणि शब्दांचा मान



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज येथे जमलो आहोत, ते भाषेच्या शुद्धतेविषयी किती दक्ष होते हे त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. निबंधाच्या वहीवर त्यांच्या तांबड्या शाईच्या इतक्या रेघा असत की मूळ निळी शाई शोधावी लागे. त्यांच्याच वर्गात मी मराठी शिकलो आणि पुढे आयुष्यभर मराठीच शिकवीत आलो. त्यामुळे आजचा माझा विषय त्यांना कितपत रुचला असता, याविषयी मी साशंक आहे. तरुणांच्या, बाजाराच्या आणि नाक्यावरच्या बोलीतून आलेल्या शब्दांना कोशात स्थान द्यावे काय, हा तो विषय होय.

हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु कोशात कोणते शब्द असावेत हा वाद मराठीला किमान साडेतीन शतके परिचित आहे. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश सिद्ध करविला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या कोशात सुमारे चौदाशे शब्द आहेत. त्यामागील हेतू उदात्त होता आणि तो काही अंशी सफलही झाला. सचिव, मंत्री, अमात्य हे शब्द आपल्या राजकीय परिभाषेत रूढ झाले. त्यांतील पहिल्या दोहोंवाचून आजही शासनाचे पान हलत नाही. परंतु त्याच कोशाने ‘पेशवा’ या शब्दाला ‘प्रधान’ हा पर्याय दिला होता. पुढे इतिहासाने काय केले ते आपण जाणतोच. मराठी राज्याच्या एका संपूर्ण कालखंडाला आपण ‘पेशवाई’ म्हणतो, ‘प्रधानाई’ कोणी म्हणत नाही. कोश शब्द सुचवू शकतो. त्याला जगवणे किंवा मारणे मात्र बोलणाऱ्यांच्या हाती असते.

दीडशे वर्षांनंतर दुसऱ्या दृष्टीचा कोश आला. १८२९ साली मुंबईत शास्त्रीमंडळाने ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध केला, आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या व मराठी पंडितांच्या साहाय्याने आपला मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो सुमारे साठ हजार शब्दांपर्यंत वाढला. मोल्सवर्थपुढे प्रश्न होता तो व्यवहाराचा: लोक काय बोलतात? म्हणून त्यात शेतकऱ्याच्या अवजारांची नावे आहेत, बायकांच्या ओव्यांतले आणि पोरांच्या खेळातले शब्द आहेत, आणि ज्यांना सभ्य माणूस चारचौघांत उच्चारणार नाही असेही शब्द आहेत. शब्द हलका असेल तर त्याच्यापुढे तो हलका असल्याची खूण केलेली आढळते. पण केवळ हलका म्हणून त्याला दाराबाहेर ठेवलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणूस कसा जगत होता हे समजून घेण्यासाठी आज आपण त्या कोशाकडे वळतो, ते या उदारपणामुळेच.

हीच वाट दाते आणि कर्वे यांनी अधिक रुंद केली. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सात खंडांत गोमंतकी, कुडाळी, वऱ्हाडी, नागपुरी अशा प्रादेशिक शब्दांपुढे त्यांच्या गावाची पाटी लावलेली दिसते. १९५० मध्ये पुरवणी खंडही निघाला, कारण शब्द संपत नाहीत हे त्या संपादकांना ठाऊक होते.

आपल्या बडोद्यालाही कोशकार्याची परंपरा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. इंग्रजी शासकीय शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली असे पर्याय त्यात दिले आहेत. कचेरीची भाषा प्रजेला कळावी ही त्यामागची तळमळ. तथापि कचेरीच्या भाषेची अशी काळजी वाहणाऱ्या या नगरीत ओट्यावरच्या आणि हिंदोळ्यावरच्या आपल्या मराठीची काळजी आपण स्वतः किती वाहिली, हा प्रश्न मला उतारवयात टोचू लागला आहे.

एक शब्द घेऊ. ‘जलसा’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ बैठक. महाराष्ट्रात तो गाण्याच्या बैठकीसाठी आला, पुढे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी त्याला समाजप्रबोधनाचे तेज दिले. गुजरातीत मात्र ‘जलसा’ म्हणजे चैन, मौज. बडोद्याचा मराठी मुलगा ‘सुट्टीत खूप जलसा केला’ असे म्हणतो, तेव्हा तो अशुद्ध बोलत नसतो. तो दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा राहून बोलत असतो. पुण्याचा वाचक ते वाक्य वाचून गोंधळेल. त्याचा गोंधळ दूर करणे हे कोशाचे काम नव्हे काय?

मुंबईकडच्या शब्दांचेही तेच. ‘राडा’ म्हणजे चिखल. त्यावरून भांडण, दंगा. ‘भिडू’ हा खेळातला गडी. तो नाक्यावरचा मित्र झाला. ‘बिनधास्त’ ची घडण बिनचूक, बिनतक्रार यांसारखीच निर्दोष आहे. १९९९ मध्ये तो मराठी चित्रपटाचे नाव होऊन बसला. २०१४ मध्ये ‘टाइमपास’ नेही तेच केले. या शब्दाचे दोन्ही तुकडे इंग्रजी, पण जोडणी आपली. हे शब्द म्हणजे भाषेचा ऱ्हास नसून अर्थविस्ताराच्या जुन्याच रीतीचे नवे दाखले आहेत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, असे शब्द अल्पायुषी असतात. ते खरे आहे. म्हणून एखादा शब्द निदान एक पिढी टिकला आहे, एकाहून अधिक गावांत पोहोचला आहे आणि लेखनात उतरला आहे, एवढे पाहूनच त्याला मोठ्या कोशात घ्यावे. दुसरा आक्षेप असा की, कोशातला शब्द विद्यार्थी प्रमाण मानतात. त्यावर उपाय शब्द गाळण्याचा नाही, शब्दापुढे स्पष्ट खूण करण्याचा आहे. शालेय कोश निवडक असावा. बृहत्कोशाला मात्र निवडीची चैन परवडत नाही. जन्ममृत्यूच्या नोंदवहीत सज्जनांचीच नावे लिहिली तर ती नोंदवही राहील काय? कोशातील नोंद म्हणजे सत्कार नव्हे.

हे शहाणपण मला वेळेवर सुचले नाही, याची कबुली आज या व्यासपीठावरून दिली पाहिजे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे जाड वही घेऊन आला होता. वसतिगृहात, चहाच्या लारीवर आणि एसटीच्या थांब्यावर ऐकलेले बडोद्याच्या मराठी मुलांचे शब्द त्याने अर्थांसह लिहून आणले होते. त्यावर त्याला प्रबंधिका लिहायची होती. मी चार पाने चाळली आणि म्हणालो, ‘हा भाषेचा केर आहे. काहीतरी भरीव विषय घेऊन या.’ तो मुकाट्याने गेला आणि त्याने संतवाङ्मयावर नीटस प्रबंधिका लिहिली. मी त्याला उत्तम गुण दिले.

अलीकडे तो भेटला. आता तोही निवृत्तीला आला आहे. मी त्या वहीची चौकशी केली. तो हसून म्हणाला, ‘सर, ती केव्हाच पस्तीत गेली.’

पस्ती! महाराष्ट्रात याला रद्दी म्हणतात. माझ्या आईच्या तोंडी हाच शब्द होता, आणि मी स्वतः कधीही तो लिहिला नाही, कारण माझ्या वहीत गुरुजींनी त्याखाली तांबडी रेघ ओढली असती. त्या क्षणी मला जाणवले की त्या वहीत असेच शेकडो शब्द होते. ते बोलणारी मुले आज साठीला टेकली आहेत, निम्मी परदेशी आहेत, आणि त्यांची नातवंडे मराठी समजतात पण बोलत नाहीत. त्या पिढीच्या थट्टेची, मैत्रीची, रागाची भाषा आता कोणत्या कोशात शोधावी?

म्हणून आज माझे मागणे साधे आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्या घरातले, गल्लीतले, मित्रांच्या टोळक्यातले दहा शब्द आठवावेत. त्यांचा अर्थ, ते कोण बोलत असे आणि कोणत्या प्रसंगी, हे लिहून शाळेच्या ग्रंथालयात द्यावे. चांगले-वाईट ठरवू नये. ते काम पुढचे अभ्यासक करतील. गुरुजींनी आम्हांला शुद्ध लिहायला शिकवले, त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. परंतु शुद्ध काय हे ठरविण्यापूर्वी, होते काय, हे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.