बर्फातले भोक आणि १८३७चा तह

मार्च १९७४. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात चीफ लेक नावाचा तलाव अजून गोठलेलाच होता. फ्रेड आणि माइक ट्रिबल या ओजिब्वे जमातीच्या दोन भावांनी आपल्या रिझर्व्हेशनची हद्द ओलांडली, बर्फाला भोक पाडले आणि भाल्याने मासे मारायला बसले. पकडले जाणार हे त्यांना ठाऊक होते; किंबहुना त्यासाठीच ते गेले होते. राज्याच्या रक्षकांनी त्यांना अटक केली. या खटल्याची कागदपत्रे चाळताना मला प्रश्न पडला, की भांडण सुरू करायला त्यांनी बर्फातले भोकच का निवडले असेल?

आधी ही मासेमारी समजून घ्यायला हवी. भोकावर अंधार केला, की एरवी काचेसारखे चकाकणारे पाणी आरपार दिसू लागते. बर्फातून झिरपलेला उजेड खालून वर येतो आणि माणूस वर काळोखात असतो. फ्रान्सिस डेन्समोर या संशोधिकेचा ओजिब्वे चालीरीतींवरचा ग्रंथ १९२९ साली निघाला. त्या काळापर्यंतची रीत म्हणजे बर्फावर पालथे पडायचे आणि डोक्यावर घोंगडी ओढून घ्यायची. पुढे घोंगडीच्या जागी लाकडी खोपटी आली. एका हातात दोरी, दोरीला लाकडी मासा. त्याच्या पोटात शिसे ओतलेले असते आणि पर असे वाकवलेले, की दोरी हलवली की तो गोल फिरतो. नॉर्दर्न पाइक हा लांबट, दातेरी मासा नजरेने शिकार करतो आणि थंडीतही सुस्तावत नाही. तो या खोट्या माशाकडे येतो. भाला फेकायचा नसतो. त्याची टोके आधीच हलकेच पाण्यात सोडलेली असतात. मासा खाली आला, की दाबायचा. गळ टाकणाऱ्याला मासा लागल्यावर कळतो. इथे तो आधी दिसतो, आणि मारायचा की सोडायचा हे तेव्हा ठरते. ‘भाला म्हणजे बेलगाम कत्तल’ हा आक्षेप म्हणूनच मला कधी पटला नाही.

आता तह. १८३७ आणि १८४२ साली ओजिब्वेंनी प्रचंड प्रदेश अमेरिकेला दिला, पण त्या प्रदेशात शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. १८३७च्या तहात मात्र तो ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत’ अशी मेख होती. १८५०मध्ये झॅकरी टेलर यांनी ती मर्जी काढून घेतली आणि लोकांना पश्चिमेकडे हटवण्याचा हुकूम काढला. त्याच हिवाळ्यात सँडी लेक इथे सरकारी रकमेची वाट पाहताना आणि परतीच्या वाटेवर शेकडो माणसे दगावली. १८५४च्या तहाने रिझर्व्हेशने मिळाली, आणि राज्य म्हणू लागले की बाहेरचा हक्क संपला. १९०८मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानेही मॉरिन खटल्यात राज्याचीच बाजू उचलली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने घर चालले तो भाला गुन्ह्याचे हत्यार ठरला.

ट्रिबल बंधूंच्या अटकेतून जमातीने दावा लावला. १९७८मध्ये ती हरली, पण जानेवारी १९८३मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. १८५०चा हुकूम बेकायदा होता, हक्क कधी संपलेच नव्हते. ‘व्हॉइट निकाल’ म्हणतात तो हाच. व्हॉइट हे राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचे प्रमुख.

निकालाने भांडण मात्र मिटले नाही. बर्फ वितळल्यावर, वसंतात, ओजिब्वे रात्री दिवे लावून वॉलाय मासे मारू लागले, आणि धक्क्यांवर जमाव जमू लागले. दगड, शिव्या, वंशद्वेषी फलक. मासे संपतील ही ओरड होती. १९९१च्या संयुक्त पाहणीत तसे काही आढळले नाही. गंमत अशी, की त्याच राज्यातल्या विनेबेगो तलावावर दर फेब्रुवारीत हजारो गोरे लोक तशाच खोपटीत बसून, तसाच खोटा मासा सोडून, भाल्याने स्टर्जन मारतात. १९३०च्या दशकापासून ते कायदेशीर आहे, आणि त्याला परंपरा म्हणतात.

१९९०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये या लाकडी माशांचे प्रदर्शन भरले, ‘बनीद द आइस’ नावाचे. अमेरिकी लोककलेचा अस्सल नमुना म्हणून ते मांडले होते, आणि संग्राहकांत आज त्यांना मोठी किंमत येते. विस्कॉन्सिनच्या धक्क्यांवर तेव्हा अजून दगड पडत होते.

मिनेसोटातल्या मिल लॅक्स जमातीचा असाच दावा १९९९मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८३७चाच तह, टेलर यांचाच हुकूम. जमात जिंकली, पाच विरुद्ध चार मतांनी.