हैज, इस्तिहाजा आणि आपले मौन

'सहीह बुखारी' या हदीससंग्रहात 'हैज' म्हणजे मासिक पाळी या विषयाला स्वतंत्र प्रकरण आहे. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचा प्रश्न त्यात नोंदलेला आहे. त्यांचा रक्तस्राव थांबतच नव्हता. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना थेट विचारले, मी नमाज सोडून द्यायची का? उत्तर असे मिळाले की हा हैज नव्हे, हे शिरेचे रक्त आहे. पाळीचे नेहमीचे दिवस तेवढे सोडावेत, मग अंघोळ करून नमाज सुरू करावी. उम्मे हबीबा बिन्ते जहश (रजि.) यांना तर हा त्रास सात वर्षे होता.

सातव्या शतकातल्या या बायका लाजून गप्प बसल्या नाहीत, हे मला मोठे वाटते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाळी वेगळी आणि आजार वेगळा, हा फरक इथे स्पष्ट झाला. या आजाराच्या रक्ताला 'इस्तिहाजा' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे, पण एक प्रकृतीचा, दुसरा तक्रारीचा.

पुढे फकीहांनी दिवस मोजले. हनफींकडे हैज किमान 3 आणि जास्तीत जास्त 10 दिवस. शाफईंकडे किमान एक दिवस-रात्र, जास्तीत जास्त 15 दिवस. (आपल्याकडे कोकणी मुस्लीम शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी. सोयरीक झाली की सासू-सुनेचा हिशेब जुळत नाही!) हा हिशेब इबादतीसाठी होता, तरी त्यामुळे बाईला स्वतःची 'आदत' लक्षात ठेवावी लागे. आज डॉक्टरही आधी तेच विचारतात. त्यांच्या लेखी दोन पाळ्यांत 24 ते 38 दिवसांचे अंतर आणि 8 दिवसांपर्यंत रक्तस्राव हे साधारण प्रमाण.

अकराव्या शतकात इब्ने सीनाने 'अल-कानून'च्या तिसऱ्या भागात पाळी अडणे आणि अति जाणे यांचा विचार वैद्यकातले विकार म्हणून केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'बहिश्ती जेवर'मध्येसुद्धा मसल्यांसोबत औषधोपचाराचा भाग आहे. मौलाना अशरफ अली थानवींचे हे पुस्तक कितीतरी नवऱ्यांना, चुकलो, नवऱ्यांना नव्हे, नवऱ्यामुलींना आहेरात मिळाले.

आपण मात्र मसला तेवढा ठेवला आणि इलाज विसरलो. बाई आलिमाला विचारते, 'नमाज पढू का?' उत्तर मिळते आणि विषय संपतो. रक्त का जाते आहे, हा प्रश्न घरातच राहतो. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉईड, संप्रेरकांचा बिघाड, रक्त गोठण्यातला दोष, कारण यांतले कोणतेही असू शकते. पाळी महिनोन्महिने लांबण्यामागे अनेकदा पीसीओएस असतो. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 7 स्त्रियांच्या नोंदींवरून त्याचे वर्णन केले; त्याआधी अशा बाईला नुसतीच 'वांझ' म्हणत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळा दोष पाळीचा नाही, आहाराचाही आहे. पण दर तासाला पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, तर ते अंगावर काढू नये. मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षे मागेपुढे होते, त्याची धास्ती नको. पाळी कायमची गेल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसले, अगदी डागभर, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा. त्यामागे गर्भाशयाचा कर्करोगही असू शकतो.