आधी श्वास की आधी मान?

उथळ पाण्यात सूर मारताना मान मोडलेल्या माणसाला बाहेर कसे काढावे? प्रश्न तांत्रिक वाटतो. पण जीवरक्षणाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की गेल्या शतकभरात याचे उत्तर दोनदा बदलले आहे.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ‘एडविन स्मिथ पपायरस’ या इजिप्शियन वैद्यकग्रंथात ४८ रुग्णांची वर्णने आहेत. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णापुढचा निर्णय असा, की यावर उपचार करू नयेत. पहिल्या महायुद्धापर्यंत यात फारसा फरक पडला नव्हता. असे बहुतेक सैनिक शय्याव्रण किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत.

तेव्हा बुडणाऱ्याची मान जपण्याचा विचार तरी कोण करणार? १९०३ची शेफर पद्धत घ्या किंवा १९३२ची होल्गर नील्सन पद्धत. बुडालेल्याला पालथे घालून, तोंड एका बाजूला वळवून कृत्रिम श्वास दिला जाई. सगळे लक्ष श्वासावर.

१९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम आणि खेळ. रुग्ण जगू लागले. माझ्या मते खरे वळण इथे आहे. माणूस जगतो हे कळल्यावरच, त्याची इजा आपल्या हातून वाढू नये याला अर्थ आला.

पुढे जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात मानेला स्थान मिळाले. एका पकडीत बुडणाऱ्याचे दोन्ही दंड त्याच्या कानांशी दाबून डोके मधोमध धरतात आणि त्याला अलगद उताणे करतात. दुसरीत जीवरक्षकाचा एक हात छातीवरून हनुवटीपर्यंत, दुसरा पाठीवरून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत. दोन हातांमध्ये मान स्थिर. मग पाण्यातच अंगाखाली फळी सरकवून पट्टे बांधायचे.

ही काळजी हळूहळू सरसकट झाली, आणि फळी-पट्ट्यांत श्वासाची मोलाची मिनिटे जाऊ लागली. २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बुडण्याच्या २२४४ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेच्या मणक्याला इजा झालेले त्यांत फक्त ११ होते. आणि त्या अकराही जणांनी सूर मारला होता, ते उंचावरून पडले होते किंवा वाहनाच्या अपघातात सापडले होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१०च्या सूचनांतही हेच आले, की तशी शंका घेण्याजोगे कारण नसेल तर सरसकट मान बांधू नये.

म्हणजे शतकानंतर श्वास पुन्हा पहिला आला, पण या वेळी मानेची जाण ठेवून.

आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीच्या कठड्यावरून, नदीच्या डोहात मुले सूर मारतात. अपघात झाला की काठावरचे हात प्रथम दंडाला धरून ओढतात. त्या हातांना एवढे माहीत हवे: श्वास नसेल तर क्षणही न दवडता बाहेर काढा आणि तोंडाने श्वास द्या. श्वास चालू असेल, पण मान दुखते किंवा पाय जाणवत नाहीत असे तो म्हणत असेल, तर घाई नको. त्याला पाण्यावरच उताणा तरंगत ठेवा, डोके धडाच्या रेषेत धरा आणि कुणाला तरी १०८ला फोन करायला सांगा.