निळं सीरम आणि पितळेचं पातेलं

गेल्या आठवड्यात एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. गडद निळ्या सीरमची छोटी बाटली, त्यावर लिहिलेलं 'कॉपर पेप्टाइड'. खाली मेसेज : "भावा, तिशी जवळ आली. हे लावू काय?"

मी कोड लिहिणारा माणूस, कातडीचा डॉक्टर नव्हे. तरी वाचायला बसलो आणि दोन रात्री गेल्या. कारण ही गोष्ट चेहऱ्यापासून सुरूच होत नाही. ती सुरू होते लिव्हरपासून.

अमेरिकेत लॉरेन पिकार्ट नावाचे संशोधक लिव्हरच्या पेशींवर काम करत होते. त्यांना दिसलं, की म्हाताऱ्या माणसाच्या लिव्हरच्या पेशी तरुण माणसाच्या रक्तातल्या घटकांत ठेवल्या, तर त्या तरुण पेशींसारखी प्रोटीन्स बनवायला लागतात. मग रक्तात असं आहे तरी काय? 1973 मध्ये त्यांनी ते शोधलं. फक्त तीन अमिनो आम्लांची साखळी : ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन. थोडक्यात जीएचके. पिकार्ट यांच्या मांडणीनुसार विशीत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये हे साधारण 200 नॅनोग्रॅम असतं, साठीत 80 वर येतं. आज सीरम विकणारा प्रत्येकजण हाच आकडा तोंडावर फेकतो.

तांबं या गोष्टीत नंतर आलं. 1980 मध्ये पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं, की हे पेप्टाइड बहुधा तांबं धरून पेशीपर्यंत पोचवायचं काम करतं. म्हणजे डिलिव्हरी बॉयच म्हणा. बाटलीचा निळा रंग त्या धरलेल्या तांब्याचाच. आणि कातडीला तांबं लागतंच. कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे एकमेकांना जोडणारं एक एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही. 1988 मध्ये फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत दिसलं, की जीएचके आणि तांब्याची जोडी दिली तर पेशी जास्त कोलॅजन बनवतात. काचेच्या ताटलीतल्या पेशी, हे लक्षात ठेवा.

आता पुण्याला येऊ. कारण त्याच काळात तिथलेही डॉक्टर लिव्हर आणि तांबं यांच्याच मागे होते, फक्त उलट्या बाजूने.

आपल्याकडे तान्ह्या मुलांना होणारा एक भयंकर आजार होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची लेकरं. पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं घट्ट व्हायचं, आणि बहुतेक मुलं जायची. कित्येक वर्षं कारणच सापडत नव्हतं. या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं मात्र नेहमीच्या कित्येक पट सापडायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना एक साधा प्रश्न विचारला : बाळाला वरचं दूध कधीपासून दिलं आणि ते कशात तापवलं?

उत्तर होतं पितळेच्या भांड्यात, आणि फार लवकर. 1983 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसिन भांड्यातून सुटणारं तांबं पकडून ठेवतं आणि बाळाच्या पोटात नेतं. बघा, इथेही डिलिव्हरीच! फक्त पार्सल नको त्या पत्त्यावर, नको तेवढं. अर्थात त्याच भांड्यातलं दूध प्यालेली सगळी मुलं आजारी पडली नाहीत, म्हणून आनुवंशिकतेचाही हात असावा असं मानतात.

आणि हे फक्त आपलं नव्हे. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात 1900 ते 1974 या काळात अशीच 138 बाळं आजारी पडल्याची नोंद 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे दूध तांब्याच्या भांड्यात उकळायचे. भांडी बदलली, आजार गेला.

आमच्या कोल्हापुरात दूध म्हणजे जीव की प्राण. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास भरून देतात. म्हणून मी आजीला विचारलं, तुम्ही दूध कशात तापवायचा? "पितळेच्या पातेल्यात की. पण कल्हई करून." कल्हई म्हणजे आतून कथिलाचा थर. तो उडाला की ताक कळकतं, हे तिला कुठल्याही लॅबशिवाय माहीत होतं. पण दूध कळकल्याचं जिभेला कळत नाही. गोम तिथेच आहे.

परत बाटलीकडे. 1990च्या दशकात हेच पेप्टाइड मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर औषध म्हणून आणायचा प्रयत्न झाला. मोठ्या चाचणीत अपेक्षित फरक दिसला नाही. मग तो माल सौंदर्यप्रसाधनांकडे वळला, कारण क्रीमला औषधाइतके पुरावे द्यावे लागत नाहीत. सुरकुत्या थोड्या कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण माणसं मोजकी. मित्राला सांगितलं : वरून लावायचं तर लाव, खाज सुटली की थांब, आणि उन्हासाठी सनस्क्रीन आधी घे, ते स्वस्त आणि पक्कं आहे.

त्यावर त्याचा दुसरा फोटो आला. निळी पावडर असलेली इंजेक्शनची कुपी, ऑनलाइन मिळणारी, लेबलवर 'फक्त संशोधनासाठी'. जिममध्ये कोणीतरी घेतोय म्हणे. इथे मात्र मी सरळ फोन लावला. शरीराला दिवसाला तांबं लागतं एक-दोन मिलिग्रॅम, तेही पोटातून, जिथे जास्तीचं अडवायची सोय आहे. सुईने दिलंस तर ती चौकीच ओलांडलीस. कुपीत नेमकं किती आहे, काय मिसळलंय, कोणी तपासलं? तो म्हणाला, "बरं बरं, नाही घेत." घेणार नाही असं वाटतंय.

नंतर आजीला विचारलं, मग पितळ सोडलं कधी? पुण्याच्या डॉक्टरांचं काही कानावर आलं होतं काय? ती हसली. "कुठलं रं. कल्हईवाला यायचा बंद झाला. आणि स्टील हलकं. सगळी पितळं मोडीत घातली, त्यात तुझ्या बापासाठी सायकल आली."