सीताफळाची बासुंदी किती जुनी?

कोजागिरीच्या सुमारास अकोला-अमरावतीच्या बाजारात सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात आणि वऱ्हाडातल्या घरांतून सीताफळाची बासुंदी होते. आम्ही ती पहिल्यांदा केली तेव्हा दूध आणि गर एकत्रच आटवला. पातेलेभर बासुंदी कडवट झाली. आजी एवढेच म्हणाली, "दूध थंडं होऊ दे, मंग टाक गर. नाही त कळू होते."

ही झाली परंपरा. पण ती किती जुनी?

फळाच्या नावात सीता आहे, त्याच्या भावंडाच्या नावात राम. त्यामुळे ही फळे रामायणकाळापासून इथलीच, असे मुलांना सहज वाटते. वनस्पतिशास्त्र मात्र वेगळे सांगते. सीताफळ (अनोना स्क्वामोसा) आणि रामफळ यांचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारतात आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मिरची, बटाटा, पेरू, पपई हीदेखील अमेरिकेचीच देणगी.

यावर पहिला मोठा आक्षेप अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्वज्ञाने घेतला. भरहुतच्या स्तूपावरील त्याचे पुस्तक १८७९ साली प्रसिद्ध झाले. हा स्तूप दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या शिल्पांत कनिंगहॅमला सीताफळ दिसले. पण खवल्यांचे गोल फळ कोरलेले दिसले म्हणजे ते सीताफळच, असे कसे म्हणावे? फणस किंवा कदंबाचे फूलही दगडात असेच दिसू शकते.

दुसरा युक्तिवाद असा की, सीताफळ डोंगरउतारांवर आपोआप वाढते, म्हणून ते इथलेच. हाही टिकत नाही. गाजरगवत अमेरिकेतले. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि काही दशकांत वऱ्हाडातल्या बांधाबांधांवर पोचले. रानात वाढणे हा मूळ रहिवासी असल्याचा दाखला नव्हे. सीताफळ तर कमी पाण्यात आणि मुरमाड जमिनीत तग धरते, शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. ते रानोमाळ पसरले यात नवल नाही.

तरी प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा येथील उत्खननात सीताफळाच्या जळक्या बिया सापडल्या. कार्बन-१४ पद्धतीने त्या कोलंबसाच्या कितीतरी शतके आधीच्या ठरतात, असा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. हे खरे असेल तर समुद्रापारच्या संपर्काचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. एवढ्या मोठ्या निष्कर्षाला अनेक ठिकाणचा स्वतंत्र पुरावा हवा. शिल्पाबद्दल वाद घालताना मत पुढे येते, बी मात्र पुन्हा तपासता येते. विज्ञानाच्या दृष्टीने फरक आहे तो इथे.

मग आजीच्या परंपरेचे काय? फळ चारपाचशे वर्षांपूर्वीच आले असले, तरी तिचा नियम कमी मोलाचा होत नाही. उलट, नवे फळ हाती आल्यावर कुणीतरी गर शिजवून पाहिला असेल, तो कडू लागला असेल. पुढच्या वेळी दूध आधी आटवून, निववून मग गर घातला असेल. याची नोंद कुणी ठेवली नाही, पण हा प्रयोगच होता. त्याचा निष्कर्ष कोणत्याही स्वयंपाकघरात आजही पडताळता येतो. परंपरेला मान द्यायचा तो तिच्या वयासाठी नव्हे, तर अशा पडताळ्यासाठी, असे आम्हांला वाटते.

वर्गात हे करून पाहता येईल. पिकलेल्या सीताफळाच्या बिया काढून गराचे दोन भाग करा. एक भाग मंद आचेवर दहा मिनिटे शिजवा, दुसरा तसाच ठेवा. पहिला निवल्यावर मुलांना दोन्ही चाखू द्या. ताटलीत उघडा राहिलेला गर हळूहळू तपकिरी पडतो, तोही पाहा. त्यातील विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने हे घडवतात. बिया फोडू नका. त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

राहिलेल्या गराची बासुंदी करा. दूध मात्र आधी गार होऊ द्या.